दक्षिण गटाची आसनशिळा

आयुष्यभराच्या पुस्तकाची मुद्रितं हातात आली आणि नेमका त्याच आठवड्यात गोटेसरांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढावा लागला. मोतीबिंदू जुना होता. पण हल्ली छपाईच वाईट होते, असं ठरवून सरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधली आणि पुढची सूचना मिळेपर्यंत एक अक्षरही वाचायचं नाही, अशी तंबी दिली. प्रकाशकाला मात्र तपासलेली पानं सोमवारी हवी होती.

गोटेसर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. सर पुरातत्त्वज्ञ. प्रागैतिहासिक शिळावर्तुळं हा त्यांचा विषय. कुठल्याशा माळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी मोठमोठे दगड गोलाकार उभे केले. ते शोधायचे, मोजायचे, त्यांचे नकाशे काढायचे आणि त्यावर लेख लिहायचे. यात त्यांचे केस गेले. नावामागे केसांचंही कारण होतं, पण ते त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचवलं नव्हतं.

मुद्रितं वाचून दाखवायचं काम बायकोकडे आलं. तिनं आजवर नवऱ्याचं काहीही वाचलेलं नव्हतं. लग्न झाल्यावर एक लेख उत्साहानं उघडला होता, पण त्यात माणसं नाहीत हे बघून मिटून ठेवला. आता जेवणाच्या टेबलावर पानांचा गठ्ठा ठेवून ती बातम्या द्याव्यात तशी खणखणीत वाचत होती. शेजारी मुलगी बसली होती. ती लेखापरीक्षक. सुट्टीच्या दिवशीही कुणाच्या तरी चुका सापडल्याशिवाय तिला करमत नसे, म्हणून स्वल्पविराम तपासायला ती आपणहून आली होती.

आठ प्रकरणं सुरळीत पार पडली. नववं सुरू होताना सर खुर्चीत सावरून बसले. पुस्तकाचा सगळा डोलारा या प्रकरणावर उभा होता. पुस्तकाचं नावही त्यावरूनच ठेवलेलं: 'आसनशिळा'.

"'उत्तर गटातल्या एकाही वर्तुळाबाहेर आसनशिळा नाही,'" बायकोनं वाचलं. "'दक्षिण गटात मात्र वर्तुळाच्या आग्नेयेला एक सपाट दगड आढळतो. वर्तुळाचे दगड काळे व खडबडीत आहेत. हा दगड ओढ्यातून मुद्दाम आणलेला, गुळगुळीत आहे.'"

ती थांबली.

"काय झालं? अक्षर पडलंय का एखादं?" सरांनी विचारलं.

"नाही." तिनं पुढचं वाचलं, पण आवाज जरा उतरला होता. "'हे टोळीप्रमुखाचं आसन होय. मानवी आवाज पोहोचेल इतक्याच अंतरावर ते ठेवलेलं आहे. त्यावरून प्रमुख येथे बसून आज्ञा देत असे, हे उघड आहे.'" तिनं चष्मा काढला. "अहो, आज्ञा कसल्या? जेवायला हाक मारायचे मी तुम्हाला."

"कोण?"

"मी. माझा दगड आहे तो."

सरांनी उघडा डोळा तिच्याकडे वळवला. "तुझा म्हणजे?"

"म्हणजे बसायचा! सकाळी एकदा खाली वाकलात की संध्याकाळीच मान वर करायचात तुम्ही. मी काय दिवसभर उभी राहणार होते? खोदकामाच्या दोन माणसांना सांगायचे, ओढ्यातला एखादा चांगला गोटा ढकलत आणा."

"ओढ्यातलाच का?" सरांचा आवाज आता साक्ष घेणाऱ्याचा झाला होता.

"तुमच्या त्या काळ्या दगडांवर बसलं की कपडे फाटतात."

"आणि आग्नेयेलाच का?"

"आग्नेय-बिग्नेय मला कळत नाही. सकाळचं ऊन पाठीवर यायचं आणि तुम्ही डोळ्यांसमोर राहायचात. एकदा स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडला होतात, आठवतंय का? कुणाला पत्ता नव्हता."

"मी मातीचे थर बघत होतो."

"मग 'वाचवा' कशाला ओरडत होतात?"

मुलीनं स्वल्पविराम सोडून दिले होते. "बाबा, आई त्या दगडावर बसलेली तुम्हाला कधी दिसली नाही?"

"दिसली की! प्रत्येक ठिकाणी हिला बसायला सोयीचा दगड कसा मिळतो, याचं नवलही वाटायचं. मला वाटलं, हिचं नशीब चांगलं आहे."

"नशीब!" बायको म्हणाली. "त्या दोघांना दरवेळी चहा पाजावा लागायचा."

सरांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. दगडाचं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण त्या दगडावर त्यांनी दोन स्वतंत्र समाज उभे केले होते. उत्तर गट साधा, समतेनं वागणारा, प्रमुखाशिवाय जगणारा. दक्षिण गट शिस्तीचा, अधिकार मानणारा, वरून हुकूम आल्याखेरीज न हलणारा.

"उत्तर गटाचं काम तुम्ही कधी केलं?" मुलीनं विचारलं.

"नोकरीच्या सुरुवातीला."

"म्हणजे लग्नाआधी. आणि दक्षिण?"

सरांनी डोळ्यावरची पट्टी उगाचच सारखी केली.

"बाबा, हे दोन समाज नाहीत. हे तुमच्या लग्नाआधीचं आणि लग्नानंतरचं आहे."

"घाई करू नकोस!" सर उसळले. "टेकडीखालचं वर्तुळ घे. दक्षिण गटातलं आहे, लग्नानंतरचं आहे, आणि तिथे आसनशिळा नाही! मी स्पष्ट लिहिलंय, नंतरच्या काळात लोकांनी ती पळवली असावी."

"त्या वर्षी ही पोटात होती," बायको मुलीकडे बघत म्हणाली. "मी घरीच होते."

"चला, म्हणजे मीसुद्धा आहे पुस्तकात," मुलगी म्हणाली. "पळवली असावी म्हणून."

सरांकडे आता हुकमाचं एकच पान उरलं होतं. "पुलाजवळचं वर्तुळ काढ. तिथे दोन शिळा आहेत. तू एकटी होतीस, तर दोन दगड कशाला लागले?"

बायकोनं पान शोधलं. "'येथे दोन आसनशिळा आहेत. दुसरी आकारानं मोठी, उंचवट्यावर, आणि पहिलीकडे पाठ करून ठेवलेली आहे. यावरून येथे दुहेरी सत्ता असावी आणि दोन्ही सत्ताधीशांत तीव्र तणाव असावा, असा निष्कर्ष निघतो.'"

तिनं पान खाली ठेवलं.

"त्या वर्षी सासूबाई आल्या होत्या," ती म्हणाली. मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाली, "तणावाचं मात्र अगदी बरोबर लिहिलंय तुम्ही."

मुलगी हसू आवरायला स्वयंपाकघरात पळाली. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा इतका पडला, की बायकोनं पानं एकत्र केली आणि त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"मी बोललेच नाही, असं समजा. छापून टाका. मी काय कोर्टात सांगायला जाणार आहे का? सगळं आयुष्य घातलंत हो यात."

प्रकाशकाचंही तेच म्हणणं पडलं. सरांनी फोन लावून सगळं सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ नुसता छपाईयंत्राचा आवाज येत राहिला.

"सर, मुखपृष्ठ छापून झालंय," शेवटी प्रकाशक म्हणाला. "त्यावर तोच दगड आहे. वहिनींचा. हे आपल्या आपल्यातच राहू द्या ना."

"विचार करतो," म्हणून सरांनी फोन ठेवला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी ओरडून त्याला चुकीच्या सूचना देत होतं. मायलेकी आत बसून त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. छापलं तर कुणालाही कळणार नव्हतं. नाही छापलं तर नववं प्रकरण जाणार, त्याच्यावर उभी असलेली पुढची तीन जाणार, आणि मागे उरणार नुसती मापं.

ते आत आले. "नाही छापायचं. दुसऱ्या कुणी असल्या दगडावर इमले बांधले असते, तर मी त्याला काय म्हटलं असतं, हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे. मुलीसमोर म्हणू नका."

सर तिच्या समोरची खुर्ची ओढून बसले. "माणूस एवढा दगड ओढत आणून एका जागी का ठेवतो, हे मी आयुष्यभर विचारत आलो. विचारायला समोर कुणी नव्हतं. सगळे कधीच मरून गेलेले. आणि एक जिवंत सापडली, ती घरातच! मी एकदाही विचारलं नाही."

"विचारलं असतंत तर पुस्तक बारीक झालं असतं."

"आता होऊ दे बारीक. कागद घे. नववं प्रकरण नव्यानं लिहायचं."

त्यांनी पुन्हा फोन लावला आणि प्रकाशकाला मुखपृष्ठ राहू द्यायला सांगितलं, नावही राहू द्यायला सांगितलं. फक्त सोमवार विसरायला सांगितलं. प्रकाशक आणखी काही म्हणत होता, पण मुलीनं हळूच फोन काढून घेतला आणि त्याला समजवायला ती दुसऱ्या खोलीत गेली.

सर सांगू लागले, बायको लिहू लागली.

"'दक्षिण गटातील आसनशिळा एका स्थानिक महिलेने...'"

"स्थानिक कशी? तुमच्याबरोबर गेले होते."

"बरं. 'मोहिमेतील एका महिला सदस्याने...'"

"मोहिमेतली सदस्य म्हणे! 'लेखकाच्या बायकोने' लिहिते."

"'पत्नीने' लिही. 'लेखकाच्या पत्नीने बसण्यासाठी ठेवल्या.' पूर्णविराम."

बायको पूर्णविरामाशी थांबली नाही. पेन पुढे चालूच राहिलं.

"काय लिहिते आहेस?"

"'लेखक डोळ्यांसमोर राहावा म्हणून.'"

सर अस्वस्थ झाले. "हे असं लिहिता येत नाही. याला पुरावा काय? ते साक्षीदाराचं म्हणणं आहे. निदान त्याच्याआधी 'बहुधा' तरी टाक."

"नाही टाकत."

"एकच शब्द आहे गं."

"बहुधा नव्हतंच ते."

दुसऱ्या खोलीतून मुलीचा समजावणीचा सूर ऐकू येत होता.

"बरं," ते म्हणाले. "पुढचा परिच्छेद."