मागतील तवा वाढीन

खोटं कशाला बोलू, मी त्यांना "खायला काळ आन् भुईला भार" म्हनाले, तेबी चाळीतल्या बायकांसमोर. मी राजाबाई, तोंडाची फटकळ, हे सगळ्या गल्लीला ठाऊक हाय.

आमचे मालक जोतीराम तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. शहाण्णव साली शिमग्याच्या आदी ट्रकावरनं कांद्याची गोन त्यांच्या डोक्यात पडली. टाके पडले, जखम भरली. पन मानूस बसला तो बसलाच. आदी टोळीत सगळ्यांच्या पयले हजर असायचे. आता मुकादम बाबासो भावजी बोलवायला आले की "येतो" म्हनायचे आन् तितंच बसायचे. ना चिडचिड, ना हसू. मला वाटलं, अंगात आळस भिनला.

मग मी अबोला धरला. आमच्याकडं बाईनं अबोला धरला की दोन दिसांत नवरा नमतोच. ठरवलं, मागतील तवा वाढीन. सोमवारी भाकरी टोपल्यात झाकून ठेवली. ते टोपल्याच्या बाजूलाच बसले. मंगळवारीबी तसंच. बुधवारी मोरीत चक्कर येऊन पडले.

मी आन् भावजींनी त्यांना वाशीला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डोक्याचा स्कॅन काढला. डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला आन् कपाळामागं बोट ठेवलं.

"ताई, काही करावंसं, हवंसं वाटतं ते इथून. आनंदसुद्धा इथूनच उठतो. ती जागा दुखावलीय. हा आळस नाही. शेवटचं कधी जेवले?"

"काल," मी म्हटलं.

"सोमवारपासनं वाढलं न्हाई तिनं," मालक बोलले. तक्रार नव्हती. किती वाजले ते सांगावं, तसं. भावजींनी मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग मागितलं का नाही?" डॉक्टरनं त्यांना इचारलं.

"भूक व्हती. पन मागावं आसं मनात आलंच न्हाई."

घरी आल्याबरुबर ताट वाढलं, "जेवा" म्हटलं. लगेच जेवाय लागले. मला रडू आवरंना.

"माजा राग न्हाई आला?"

"कशाचा?"

"तीन दिस तुमच्याशी बोलत नव्हते मी."

घास हातात धरून त्यांनी माज्याकडं बघितलं. "व्हय? मला कळलंच न्हाई."

मी डोळे पुसले आन् भाकरी वाढली. मग अजून एक. ते पुरे म्हनंनात. शेवटी मीच त्यांचा हात धरला आन् म्हटलं, "आता बास करा."