सासूबाई भानावर आल्या

सासूबाईंचा हात शिवणात जितका सफाईदार, तितकीच जीभ तिखट. सुनेने काहीही करावं आणि त्यांनी त्यात खोट काढावी, हे घराच्या अंगवळणी पडलं होतं. त्यामुळे एका सकाळी शिलाई मशीनसमोर बसून त्या टॉवेलाला बाही जोडायला लागल्या आणि सुनेला म्हणाल्या, “ताई, कधी आलीस?” तेव्हा ती हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ आली. ताई म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. ती तर केव्हाच देवाघरी गेली होती.

“वय झालं आईचं,” नवरा हताशपणे म्हणाला. “आता हे असंच चालायचं.”

सुनेला पटेना. कालपरवापर्यंत शब्दकोडं एका बैठकीत सोडवणारी बाई अशी अचानक कशी हरवेल? शिवाय त्यांच्या बाथरूमच्या खेपा वाढल्या होत्या आणि पाण्याला तर त्या शिवतही नव्हत्या. तिने सरळ रिक्षा बोलावली आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

लघवी तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “संसर्ग झालाय. या वयात त्यामुळेही माणूस असं असंबद्ध बोलतो. अँटिबायोटिक देते. बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत. आणि पाणी भरपूर.”

घरी आल्यावर सुनेने पहिली गोळी दिली, तसा सासूबाईंनी तिचा हात धरला. “ताई, माझी सून पाहिलीस? लाखात एक आहे. पण तिला सांगू नकोस हं. डोक्यावर मिऱ्या वाटेल.”

“नाही सांगत,” सून कशीबशी म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

गोळ्या लागू पडल्या. हळूहळू सासूबाईंना माणसं ओळखू येऊ लागली, मग वार, मग सुनेच्या भाजीतलं जास्तीचं मीठ. घरातल्यांना हायसं वाटलं.

“आता पुरे त्या गोळ्या. मला काय धाड भरलीय?” त्या कुरकुरल्या.

“कोर्स पुरा करायचा,” सून ग्लास घेऊन समोर बसली. “लघवीला जळजळ होत होती, तर बोलला का नाहीत?”

सासूबाईंनी आवाज खाली आणला. “असलं कसं सांगायचं गं कुणाला?”

“मला सांगायचं.”

त्यांनी गोळी गिळली, ग्लास रिकामा केला आणि पुढे धरला. “ओत अजून थोडं.”