सगळ्यांना वीस

मंगळवारी सकाळी सव्वाआठला सहा नंबर वॉर्डातल्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बायका एका तालात श्वास घ्यायला लागल्या. अठ्ठावीस चादरी एकदम वर, एकदम खाली. मिनिटाला वीस वेळा, ना एकोणीस, ना एकवीस. खिडक्यांचे हिरवे पडदे आत ओढले जायचे, थोडं थांबायचे आणि परत बाहेर जायचे.

असं का झालं, ते सुकेशनी वानखडेला लगेच कळलं. ते वीस तिनेच लिहिले होते.

आता हिला नावं ठेवण्याआधी जरा ऐकून घ्या. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरींना सकाळच्या पाळीत प्रत्येक पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास वॉर्डाच्या एकाच चार्टवर लिहावे लागतात. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी बोटांना लागते. श्वास मात्र घड्याळ धरून, छातीकडे बघत, पुरता एक मिनिट मोजायचा. अठ्ठावीस बायका म्हणजे अठ्ठावीस मिनिटं, आणि लोखंडे मॅडम चार्ट बघायला येणार वीस मिनिटांत. मग काय करता? पोरी करतात तेच हिनेही केलं. ताप नीट घेतला, नाडी नीट घेतली, आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत वीस, वीस, वीस लिहून मोकळी झाली.

मोकळी कसली! त्या चादरी बघून तिची पाचावर धारण बसली. ती धावत दीपमालाकडे गेली. दीपमाला तिची हॉस्टेलची रूममेट, समोरच्या रांगेत बीपी घेत होती.

"दीपे, बघ ना काय झालंय."

"बघतेय," दीपमाला म्हणाली. "म्हणून मी एकीला अठरा, एकीला बावीस लिहिते. सगळं सारखं दिसलं की मॅडमला संशय येतो."

"अगं, पण या खरंच वीस घेतायत."

"मग तर प्रश्नच मिटला," दीपमाला म्हणाली आणि तिने बीपीचा पट्टा गुंडाळून ठेवला.

साडेआठला लोखंडे मॅडम आल्या. तीस वर्षं पोरींना शिकवून त्यांचा पोरींवरचा विश्वास पार उडालेला होता. त्या एका हातात चार्ट आणि एका हातात घड्याळ घेऊन कॉट एकपासून कॉट अठ्ठावीसपर्यंत चालत गेल्या आणि चालत परत आल्या.

"वानखडे," त्या म्हणाल्या, "माझ्या अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच चार्ट आणि पेशंट जुळले. शाबास."

सुकेशनीने ती शाबासकी घेतली. खरं बोलणार तरी कशी? पंधरा दिवसांपूर्वी याच मॅडमने तिला एका खोट्या नोंदीवरून बजावलं होतं. अजून एक सापडली तर केसबुकवर सही मिळणार नाही. सही नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की मामा येऊन पेटी उचलून तिला घरी नेणार, हे त्याने ॲडमिशनच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. सुकेशनीला नर्स व्हायचं होतं. दुसरं काहीही व्हायचं नव्हतं.

तरीही गाडी तिथेच थांबली असती, पण अकरा नंबरच्या कॉटवर पंचफुलाबाई इंगळे होत्या. सत्तरीच्या बाई, न्यूमोनियाने परवाच भरती झालेल्या. आल्या दिवशी एवढ्या तापातही त्यांनी सुकेशनीला सुई टोचायच्या आधी कापरा हात कसा स्थिर करायचा ते शिकवलं होतं. जन्मभर गोधड्या शिवलेली बाई, तिला सुईचं काय नवल. तेव्हापासून सुकेशनी त्यांना आजी म्हणायची. आता त्या आजी कॉटची कड धरून बसल्या होत्या, आणि बोलताना एका श्वासात दोनच शब्द मावत होते.

"माय, मले... पुरत नाई..."

"किती लागतात, आजी?"

"चाळीस तरी... लागते. तू मले... वीसच देल्ले."

सुकेशनीने ऑक्सिजन लावला. तो नळीतून येत होता, बाटलीत बुडबुडे दिसत होते, पण आजींच्या छातीने वीसच्या वर एक घ्यायला नकार दिला. दहाला डॉक्टर राउंडला आले. त्यांनी चार्ट पाहिला.

"श्वास वीस. उत्तम."

"सर, यांचे ओठ निळे पडलेत."

डॉक्टरांनी चार्ट उलटून मागची बाजू पाहिली. "यात ओठांचा रकाना नाही," ते म्हणाले आणि पुढच्या कॉटकडे गेले.

एव्हाना वॉर्ड लहान व्हायला लागला होता. साहजिकच होतं. अठ्ठावीस जणी एकदम हवा ओढायच्या, त्यासरशी भिंती आत यायच्या, आणि परत जाताना केसभर कमी जायच्या. सकाळी दोन कॉटांमधून ट्रॉली जात होती. अकरापर्यंत सुकेशनीला आडवं होऊन सरकावं लागायला लागलं. फरशी पुसणारी मावशी म्हणाली, "बरंच झालं बाई, पुसायले कमी लागते."

सुकेशनीने मॅडमची पाठ वळलेली बघून चार्टवर आजींच्या नावापुढे दोनाचा चार करायचा प्रयत्न केला. शाई कागदावर बसेना. थेंब घरंगळला आणि तिच्या बुटावर पडला. चार्टवर खाडाखोड चालत नाही, हे पहिल्या वर्षीच शिकवतात. चूक असेल तर पुन्हा मोजायचं, सरळ रेघ मारून नवा आकडा लिहायचा, आणि खाली मॅडमची सही घ्यायची.

मग तिने पुन्हा मोजायचं ठरवलं. आजींच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी बघतेय असं दाखवलं आणि डोळे छातीवर ठेवले. आपला श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो, म्हणून पोरींना ही लबाडी मुद्दाम शिकवतात. पुरता मिनिट मोजला. वीस भरले. चार्टवर वीस होते, मग वीसच भरणार.

"माझ्यातले पाच हिला लिही," बाराव्या कॉटवरच्या झुलेखाबी म्हणाल्या. त्यांची कॉट आता अकराव्या कॉटला चिकटली होती.

"मोजल्याशिवाय लिहिता येत नाहीत," सुकेशनी म्हणाली, आणि आपलंच वाक्य ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजींनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"तू मोजलेच... नव्हते ना... वं?"

"नाही, आजी."

"मंग सांग... मॅडमले."

"वर्ष जाईल माझं."

आजींनी डोळे मिटले. त्यांना दोन शब्दही परवडत नव्हते. सुकेशनीला रडू आलं, आणि रडायला सुद्धा लाज वाटली, कारण हुंदक्याला भरपूर हवा लागते आणि तिच्याकडे ती होती.

बाराच्या सुमारास सगळ्या कॉटा एकमेकींना भिडल्या. खाली पाय ठेवायला फरशीच उरली नाही. अठ्ठावीस बायका खांद्याला खांदा लावून एकाच लांबरुंद बिछान्यावर पडल्या होत्या. लोखंडे मॅडमचं टेबल पार दाराशी दाबलं गेलं होतं, आणि त्या तिथे बसून शांतपणे रजिस्टर लिहीत होत्या. सुकेशनी गुडघ्यांवर रांगत निघाली. बायका अंग चोरून तिला वाट देत होत्या.

"सलाइन जप... बाई."

"इकडून ये... इकडून."

ती टेबलापाशी पोचली. मॅडमनी वर पाहिलं.

"मॅडम, मी श्वास मोजले नव्हते. मनानेच वीस लिहिले."

"कोणाचे?"

"सगळ्यांचे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी तुला शाबास म्हणाले होते."

"हो मॅडम."

"आता सही मिळणार नाही, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय. पण अकरा नंबरला चाळीस लागतात."

मॅडमनी हात पुढे केला. चार्ट ओढून घेतला, पट्टी ठेवली, आणि श्वासाच्या रकान्यावर वरून खाली एक सरळ रेघ ओढली. रेघ ज्या नावावरून जाई, त्या बाईची छाती असेल तिथे थांबे. कॉट एक थांबली, दोन थांबली, तीन थांबली. अकरा थांबली तेव्हा सुकेशनीने मॅडमचा हात धरला, पण रेघ अर्धी सोडता येत नाही. मॅडमनी ती अठ्ठाविसापर्यंत नेली आणि खाली वेळ घातली. बारा वाजून दहा. पडदे आत ओढलेले होते, तसेच राहिले.

"आता मोज," मॅडम म्हणाल्या.

"कुठून सुरू करू?"

"जिथे पहिला श्वास येईल तिथून."

सुकेशनी रांगत परत निघाली. सगळ्या जणी तोंड किंचित उघडं ठेवून तिच्याकडे बघत होत्या. झुलेखाबींनी नजरेनेच तिला पुढे जा म्हटलं. आजींचे डोळे उघडे होते. या वेळी तिने मनगट धरलं नाही. तळहात सरळ आजींच्या छातीवर ठेवला, आजींना दिसेल असा.

मॅडम टेबलावरून उठल्या होत्या आणि त्याही श्वास धरून थांबल्या होत्या. दीपमाला भिंतीला पाठ लावून तशीच श्वास धरून होती. आपल्या श्वासाच्या आवाजात दुसऱ्याचा ऐकू येत नाही, म्हणून सुकेशनीने स्वतःचा रोखून धरला. आता वॉर्डात कुणीच श्वास घेत नव्हतं, आणि सेकंदकाटा बारावरून निघाला.