रुखवतातलं पुस्तक

आमच्या टिपणीसांच्या घरात मुलीच्या रुखवतावर तीन गोष्टी लागतातच. साखरेचं तुळशीवृंदावन, क्रोशाचं तोरण आणि ‘घरची घडी’. पहिल्या दोन कुठेही मिळतात. तिसरी फक्त आमची, कारण ते पुस्तक माझ्या आजेसासूबाईंनी, सौ. सुंदराबाई टिपणीस यांनी लिहिलं. लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हापासून मी हे येईल त्याला सांगत आलेय. हळद कशी साठवावी, पाहुणे अवेळी आले तर चूल कशी आवरावी, बाळंतिणीच्या खोलीत काय असावं, सगळं त्यात आहे. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक, नऊ आवृत्त्या निघाल्या, आता बाजारात एकही प्रत नाही.

माझ्या मुलीचं, गंधालीचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या नणंदेनं, शर्मिष्ठानं जाहीर केलं की यंदा दोनशे प्रती छापून पाहुण्यांच्या हातात द्यायच्या. काम अर्थात माझ्याकडे. मी घाटकोपरच्या एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत. फुकटात मिळणारी माणसं सगळ्यांना फार हुशार वाटतात.

अनंतला, माझ्या नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली. त्यामुळे कन्यादान शर्मिष्ठा आणि तिचा नवरा मुकुल करणार होते. हे मीच आधी बोलून टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला माझ्या तोंडावर बोलायला लागू नये. सगळ्यांचे चेहरे असे सैल झाले की मला उठून दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. मी चहा टाकला.

घरात होती ती तिसरी आवृत्ती, १९२० सालची. तिच्यातलं एक प्रकरण मला कधीच कळलं नव्हतं. ‘एकवेळ जेवणारांसाठी’ असं त्याचं नाव. त्यात लिहिलं होतं, ‘सायंकाळी दिवेलागणीस पोटात जी आग पडते ती पाण्याने शमत नाही. दाण्यागुळाचा एक लाडू पदरी असू द्यावा व कोणी पाहत नसता खावा.’ आता सुंदराबाई चांगल्या दोन्ही वेळा जेवणाऱ्या, भरल्या घरच्या. त्यांना ही आग कुठून ठाऊक? प्रस्तावनेत शेवटी बारीक टाइपात एक ओळ होती, ‘या कामी घरांतील एका वडील बाईंची मदत झाली.’ वडील बाई कोण, ते नव्हतं.

उत्तर आणलं आमच्या होणाऱ्या जावयानं. निहारला बिचाऱ्याला वाटलं, सासूला खूश करावं. मनोरीच्या किनाऱ्यावर दोघांचे लग्नाआधीचे फोटो काढून झाले, त्या रात्री त्यानं कुठल्याशा ग्रंथालयाच्या साइटवरून पहिल्या आवृत्तीची पानं शोधून मला पाठवली. सन १९१२. मजकूर तोच, जवळजवळ शब्द न् शब्द. फक्त ते एकवेळचं प्रकरण नव्हतं. आणि मुखपृष्ठावर नाव होतं सौ. दुर्गाबाई टिपणीस.

दुर्गाबाई म्हणजे सुंदराबाईंची थोरली जाऊ. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नाही.

त्यांना पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, बोरिवलीला राहणाऱ्या नलिनीआत्या. सुंदराबाईंची धाकटी मुलगी, अनंतची आत्या. वय एकोणनव्वद. दोन बस बदलून मी गेले आणि मोबाइलवर ते पान दाखवलं. आत्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. मग अगदी साधेपणानं सांगायला लागल्या, जणू मी इतकी वर्षं विचारायचीच राहिले होते.

दुर्गाबाईंचा नवरा इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला. पुस्तकाच्या दोन आवृत्त्या तेव्हा संपल्या होत्या आणि तिसरी छापायला घेतली होती. पण ते पुस्तक खपायचं ते रुखवतात. विधवेच्या नावाचं पुस्तक नव्या नवरीच्या रुखवतात कोण ठेवणार? छापखानेवाल्यानं आत्यांच्या वडिलांना, म्हणजे दुर्गाबाईंच्या दिराला सांगितलं, नाव बदला नाहीतर गठ्ठे घरी न्या. घरात सौभाग्यवती एकच होती. सुंदराबाईंना जेमतेम सही करता यायची. पुस्तक त्यांचं झालं.

“आणि दुर्गाबाई काहीच बोलल्या नाहीत?” मी विचारलं.

“बोलायची ना. गप्प बसणारी नव्हती मोठी काकू. नवी प्रकरणं लिहायची, ते विधवांच्या एकवेळ जेवणाचंही तिचंच, मुद्रितं तीच तपासायची. दर खेपेला कागद बाबांपुढे ठेवून विचारायची, भावोजी, यंदा तरी? बाबा म्हणायचे, पुढच्या आवृत्तीत बघू.”

नऊ आवृत्त्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला, सासऱ्यांच्या वडिलांचा, त्या छापखान्याचा, सगळ्यांचा. मी तावातावानं म्हणाले, आत्या, मी आहे, यावेळी त्यांचंच नाव छापून आणते. आत्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

“शर्मिष्ठाच्या लग्नाचं आठवतं तुला? रुखवत मीच मांडलं होतं. पंधरा दिवस खपत होते. फोटोवाला आला, तर तू म्हणालीस, आत्या, तुम्ही जरा आत बसा ना, फोटो काढतायत.”

आठवत नाही, असं मी म्हणाले. आठवत होतं. त्यांची राखाडी साडी आणि मोकळं कपाळसुद्धा आठवत होतं. मी चोवीस-पंचवीस वर्षांची नवी सून होते, सासूबाईंनी डोळ्यांनी खूण केली आणि मी पुढे होऊन सांगितलं. आत्या तेव्हा लगेच उठल्या होत्या आणि मला हायसं वाटलं होतं.

परत आल्यावर मी पुस्तकाला हात घातला तो इरेला पेटून. पहिल्या आवृत्तीतलं एक वाक्य पुढे कुणीतरी गाळलं होतं, ते परत घातलं. ‘शेवटी जेवणारीची वाटी आधी वाढून झाकून ठेवावी. उरेल ते तिचे, ही व्यवस्था नव्हे, हा आळस होय.’ नवी प्रस्तावना लिहिली, खाली माझं नाव घातलं. मुखपृष्ठावर दुर्गाबाई टिपणीस. नावाआधी सौ. नाही, श्रीमती नाही, काही नाही.

शर्मिष्ठाला आणि गंधालीला समोर बसवून सगळं सांगितलं. वाटलं होतं, भांडण होईल. शर्मिष्ठा फक्त म्हणाली की वहिनी, किती गं मेहनत घेतलीस. गंधाली म्हणाली, झकास आहे आई. ती पवईला मोठ्या कंपनीत माणसं नेमते. कुणाला काय सांगून कसं घरी पाठवायचं, ते तिला चांगलं जमतं. हे मला त्या दिवशी सुचायला हवं होतं. फाइल छापखान्याला पाठवली आणि त्या रात्री मी खूप दिवसांनी नीट झोपले.

लग्नाच्या सकाळी हॉलवर पोचले तेव्हा रुखवताचं टेबल मांडून झालं होतं. तुळशीवृंदावन, तोरण, आणि मधोमध पुस्तकांची चळत. वरची प्रत उचलली. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरात सौ. सुंदराबाई टिपणीस.

प्रस्तावना माझीच होती, पण अर्धी. दुर्गाबाईंचे परिच्छेद गेले होते. खाली नाव होतं सौ. शर्मिष्ठा. आणि त्याच्याखाली बारीक टाइपात, ‘या कामी घरातील एका वडील व्यक्तीची मदत झाली.’ जुन्या आवृत्तीतूनच उचललं असणार. नवं लिहायची तसदीसुद्धा घेतली नव्हती.

प्रत घेऊन मी नवरीच्या खोलीत गेले. मेकअपवाली मुलगी गंधालीच्या केसांत गजरा माळत होती. तिनं आरशातून पुस्तक पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला ठाऊक आहे.

“शर्मूआत्यानं मला विचारूनच बदललं, आई. निहारची आजी खूप मानते हे सगळं. पहिल्याच दिवशी कशाला वाकडं घ्यायचं यार? पुढच्या वेळी छापू ना नीट, तुझ्या मनासारखं.”

“पुढच्या वेळी म्हणजे कधी?”

“आई, प्लीज. आज नको ना.”

मेकअपवाल्या मुलीनं तिला सांगितलं की डोळे पुसू नका, काजळ पसरेल. मी दार ओढून घेऊन बाहेर आले.

टेबलापाशी मुलाकडची मंडळी जमली होती. निहारची आजी पुस्तक चाळत कौतुक करत होती आणि शर्मिष्ठा तिला आपल्या आजीच्या आठवणी सांगत होती. मी सगळ्यांदेखत बोलणार होते. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात फोटोग्राफरनं दिवा सरळ केला, आणि शर्मिष्ठा माझ्या दंडाला हात लावून हलक्या आवाजात म्हणाली, अगदी मायेनं म्हणाली,

“वहिनी, तू जरा आत बस ना, फोटो काढतायत.”

शब्द न् शब्द माझेच होते. तिला ते आठवतही नसतील, तेव्हा ती नवरी होती. मी पुस्तक चळतीवर परत ठेवलं, कडा सारख्या केल्या आणि आत गेले.

आतल्या खोलीत आहेराच्या पिशव्या, जादा खुर्च्या आणि त्यातल्या एकीवर नलिनीआत्या. बोरिवलीहून सकाळी सातलाच येऊन बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. त्या खुर्चीसमोर स्टुलावर एक बशी होती, वर दुसरी बशी उपडी घातलेली.

“ये,” त्या म्हणाल्या. “तुझं वाढून झाकून ठेवलंय.”

बाहेर सनई लावली होती. मी बसले. उपमा गार झाला होता, तरी मी तो सगळा खाल्ला.