ट्रंपेटवाल्याचा जबडा

स्तोयादिनचा वरचा पुढचा दात काढायला विदोसावाला दीड तास लागला. मूळ हाडाला असं घट्ट धरून बसलेलं, की दात तुकड्यातुकड्यांनी आला आणि सोबत हाडही घेऊन आला. बारा वर्षं सर्बियातल्या व्रान्ये गावचे दात सांभाळणारी डॉक्टरीणबाई ती, पण स्वतःच्या बापाच्या जबड्यातला तो खड्डा ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. दात नाही तर ट्रंपेट नाही, आणि ट्रंपेटशिवाय हा माणूस जगायचा कसा?

तिने खड्ड्यात हाडाची भुकटी भरली, वर पातळ पडदा घातला, टाके घातले. "बाबा, नवं हाड धरलं की त्यात स्क्रू बसवून दात लावू. तोवर फुंकायचं नाही."

"चार पिढ्या फुंकत आलो आम्ही. तू मात्र दात उपटायला गेलीस," स्तोयादिन पुटपुटला. हे तो वीस वर्षं ऐकवत होता.

फुंकलं नाही खरं. पण तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं ऐकून पठ्ठ्याने घरच्या आलुबुखाराच्या दारूने खळखळून चुळा भरल्या. आमच्याकडे पोटदुखीपासून प्रेमभंगापर्यंत तीच एक दवा. टाके उसवले, भुकटी वाहून गेली.

"जंतू मारत होतो गं."

"जंतू ठणठणीत आहेत, बाबा. माझी मेहनत मेली."

लोक म्हणाले, बेलग्रेडला ने, हे तुझ्या आवाक्यातलं नाही. विदोसावाने कुणाला दाद दिली नाही. जखम भरल्यावर सगळं पहिल्यापासून केलं, आणि बापाच्या घरातल्या दारूच्या बाटल्या उचलून आपल्या घरी नेल्या. सहा महिन्यांनी एक्स-रेत भरीव, पांढरं हाड दिसलं. तिला स्वतःचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

पुढे स्क्रू बसला, दात बसला, आणि भाच्याच्या लग्नात स्तोयादिनने ट्रंपेट ओठांना लावलं. विदोसावा गर्दीत मागे उभी होती. सूर खणखणीत लागला. खूश होऊन नवरीच्या बापाने रिवाजाप्रमाणे वाजवणाऱ्याच्या घामेजल्या कपाळावर नोट चिकटवली.

स्तोयादिन थांबला. अर्ध्या गाण्यात तो जन्मात थांबला नव्हता. नोट काढून तो गर्दीतून लेकीपाशी आला आणि तिच्या कपाळावर चिकटवली.

"सूर माझा असेल, पण हाड हिने घडवलंय," तो मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाला. "आता नोटा हिला लावा."

विदोसावा नोट पडू नये म्हणून मान ताठ करून उभी राहिली.