मान घसरणारे आजोबा

मित्रांनो, मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. तरुणपणी माझं पितळ इतकं चमकायचं की विद्यार्थी आधी माझ्यात बघून भांग पाडत आणि मग पेशी पाहत. पुढे चमक गेली, चाकाचे दाते झिजले आणि माझी मान घसरू लागली. म्हणजे भिंगाची नळी नेमक्या जागी आणून चाकावरचं बोट काढलं, की ती हळूहळू आपोआप खाली उतरायची. मुलं मला 'आजोबा' म्हणू लागली.

मग नवा सूक्ष्मदर्शक आला. "पोरं वाट लावतील," असं म्हणून विभागप्रमुखांनी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. तपासणी समिती आली की तो बाहेर यायचा, प्लास्टिकसकट. समिती लांबूनच खूश व्हायची.

त्या वर्षी चष्मेवाली आणि लंबू या जोडीने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय पुरस्काराला प्रकल्प पाठवायचं ठरवलं. विषय साधा होता: सिग्नलजवळच्या झाडांच्या पानांवर बसणारी काजळी. वाट्याला अर्थातच मी आलो.

"पान धुऊन स्वच्छ केलं, तरी झाड मरगळलेलंच. का?" लंबू कुरकुरला. "पेन्सिल दे गं."

पेन्सिल देताना चष्मेवालीचं बोट सुटलं, डोळा मात्र तिथेच राहिला. माझी मान घसरत गेली, तशी माझी नजर पानाच्या वरच्या थरातून आत उतरली.

"हात लावू नकोस!" ती ओरडली.

"मी कुठे लावलाय?"

"अरे, काजळी आत आहे! पान ज्या छिद्रांतून श्वास घेतं, त्या छिद्रांत जाऊन बसलीय. वरून कितीही धुवा, निघायची नाही!"

प्रकल्प अंतिम फेरीत गेला. परीक्षकांसमोर प्रात्यक्षिक दाखवायचं होतं.

"देशभरातली कॉलेजं येणार आणि तुम्ही हे भंगार नेणार?" विभागप्रमुख म्हणाले. "नवा न्या. आणि प्लास्टिक तिथे पोचल्यावरच काढा, वाटेत धूळ बसेल."

"सर, सोबतीला आजोबांना नेऊ का?"

"न्या. पिशवीबाहेर काढू नका म्हणजे झालं."

परीक्षकबाईंसमोर नव्याचं प्लास्टिक आयुष्यात पहिल्यांदा सुटलं. बाईंनी डोळा लावला. "काजळी कुठाय? मला तर बुरशी दिसतेय."

"मॅडम, ती पानावरची नाही," लंबू म्हणाला. "भिंगावरची आहे, आमच्या कपाटातली."

सगळं सभागृह हसलं. चष्मेवालीचा चेहरा उतरला. मग तिने पिशवीत हात घातला आणि मला टेबलावर ठेवलं. नळी जागेवर आणली, बोट काढलं. "मॅडम, आता काही करू नका. नुसतं बघत राहा."

मी आयुष्यभर घसरलो, पण इतक्या ऐटीत कधीच नाही. बाईंचा डोळा माझ्यावरून हलेना. मग त्यांनी न वळताच इतर परीक्षकांना हाक मारली, "अहो, इकडे या सगळे!"

पहिला पुरस्कार मिळाला. टाळ्यांनी माझी भिंगं थरथरली. लंबूने मला खांद्यावर घेतलं आणि विभागप्रमुखांनी माझ्याबरोबर फोटो काढले, तीन बाजूंनी.

"आता यांच्यासाठी काचेची पेटी करू," ते म्हणाले. "मानाने कुलपात ठेवू."

"नको सर," चष्मेवाली म्हणाली. "मग पुढच्या वर्षी बुरशीवरच प्रकल्प करावा लागेल."

मित्रांनो, आम्हाला पुसा, तेल घाला, आमच्यावर चिडलात तरी चालेल. पण काळजीच्या नावाखाली कोंडून ठेवू नका. नव्याची बुरशी आता साफ झाली आहे. तो माझ्या शेजारीच असतो आणि मुलांचे हात लागले की अजून लाजतो.

आज सकाळी पहिल्या वर्षाच्या एका मुलीने माझ्याखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला, डोळा लावला आणि श्वास रोखून धरला. मी मान सोडली.