उंदीर असतील

बैठकीच्या भिंतीवर दाराच्या आकाराची चीर पुन्हा उमटली होती. धाकटा गवंडी चहाचा कप हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. दर वर्षी तो ती खरवडायचा, जाळी ठोकायचा, गिलावा करायचा. वर्ष सरलं की चीर हजर. बुजवलेल्या दाराच्या विटा जुन्या भिंतीशी नीट एकजीव होत नाहीत, एवढंच ते होतं. तरी तिच्याकडे पाठ करून बसायला त्याला भीती वाटायची.

ती त्याने एकट्याने बांधलेली पहिली भिंत. पलीकडे विधवा आत्या राहायची. मुलगा नाही, तेव्हा तिने घरात हक्काने वावरू नये, गल्लीच्या दाराने यावं-जावं, असं वडिलांनी ठरवलं होतं. पुढे एका थंडीत त्या भिंतीवर थापा ऐकू आल्या. "उंदीर असतील," थोरला दादा म्हणाला आणि सगळ्यांना ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. आत्या गेल्याचं घरच्यांना दूधवाल्याने येऊन सांगितलं. ती खोली नंतर पाडली. आता भिंतीपलीकडे नुसती मोकळी जागा होती.

आज तसंच दुसरं दार बुजवायचं होतं. मधला भाऊ, तोही गवंडीच, बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला. त्याच्या बायकोची आणि मुलीची रवानगी मागच्या खोलीत झाली; बुजवायचं ते दार त्याच खोलीचं. त्यांची मोठी खोली धाकट्याला मिळणार होती. त्याचा संसार स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चालला होता. "अहो, खिडकी आहे त्या खोलीला," बायको सकाळपासून दोनदा म्हणाली होती. मोहापासून वाचव, अशी रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाला मोह खिडकीचं रूप घेऊन येईल, असं कुठे वाटतं?

आणि प्रार्थनेत हे घर कुणाला हार जाणारं नव्हतं. दादा रोज संध्याकाळी सगळ्यांना बसवून बायबल वाचायचा. विधवा-अनाथांचं पान आलं की त्याचा गळा दाटून यायचा.

धाकट्याने ओळंबा सोडला, माल कालवला. मागच्या खोलीतून वहिनी पाण्याची बादली घेऊन आली.

"भावजी, विटा भिजवल्यात ना? कोरड्या लावल्या तर भिंत धरत नाही, हे म्हणायचे."

त्याने मान वर केली नाही. बादली घेतली. थरावर थर चढत गेले. पलीकडे त्याची पुतणी उभी होती. भिंत तिच्या हनुवटीला लागली तशी तिने टाचा उंचावल्या.

"काका, भिंत पूर्ण झाली की तुम्हाला हाक कशी मारू?"

"भिंतीवर थाप मार की," तो थापीने माल सारखा करता करता म्हणाला. "ऐकू येतं इकडे."

त्याची थापी थांबली.

ऐकू येतं. ऐकू आलं होतं! उंदीर थाप मारून थांबत नाहीत, उत्तराची वाट बघत नाहीत. आत्या थांबली होती, पुन्हा मारत होती, पुन्हा थांबत होती, आणि तो इकडे जेवत होता.

"बाजूला हो, बाळा," तो म्हणाला आणि ओल्या विटा दोन्ही हातांनी ढकलून दिल्या.

आवाज ऐकून दादा धावत आला. "वेड लागलं का तुला? अरे, खोली तुलाच मिळणार होती!"

"नको मला. वहिनी तिच्या खोलीत परत जाईल. आम्ही आहोत तिथे बरे आहोत."

"आपल्या घरात हे असंच चालत आलंय."

"चालत आलंय म्हणूनच माझ्या हाताने थांबवतो, दादा. या घरात मी आता दार बुजवणार नाही, आणि दुसरा कुणी गवंडी आणलास तर मी दारात बसेन."

त्याच्या बायकोने एकदा त्या खिडकीकडे पाहिलं. मग पदर खोचून ती वहिनीचं अंथरूण उचलायला गेली.

संध्याकाळी वहिनी आणि मुलगी वाचनाला सगळ्यांमध्ये येऊन बसल्या. दादाने बायबल उघडलं. तेवढ्यात चीर पडलेल्या भिंतीवर, पलीकडच्या मोकळ्या जागेतून, थाप पडली. थांबली. पुन्हा पडली.

या वेळी उंदीर असतील असं कुणीच म्हणालं नाही. दादाने उघडलेलं पुस्तक तसंच मिटलं.